जसा दर्जा, तसे दाम

रस्त्याच्या कामावरच्या सरकारी अभियंत्याजवळ एक जाडजूड वही असते. तिचे नाव मोजमाप पुस्तक. साइटवर सारेच तिला ‘एम.बी.’ म्हणतात. लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार एवढेच तिच्यात भरायचे. मग दराने गुणले की ठेकेदाराचे बिल तयार होते. नोकरीची सारी वर्षे मी या वहीत नोंदी केल्या. रस्ता किती लांब झाला हे तिच्यात दर पानावर आहे. रस्ता किती चांगला झाला, हे लिहायला मात्र तिच्यात रकाना नाही.

दर्जाची तपासणी होते, नाही असे नाही. खडी तपासतात, डांबर तपासतात, तयार रस्त्याचे नमुने काढतात. पण ते कागद वेगळ्या फायलीत जातात आणि त्यांवर शेवटी दोनच शेरे पडतात: ‘पास’ किंवा ‘नापास’. पास झाले तर पूर्ण पैसे, नापास झाले तर काम उखडून पुन्हा करायचे. ऐकायला हे कडक वाटते. प्रत्यक्षात याच कडकपणातून रस्ते कसे बिघडतात, ते मी स्वतः अनुभवले आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते आणि एका तालुक्याच्या गावाला जोडणाऱ्या रस्त्यावर डांबरी थर टाकणे चालले होते. प्लांट लांब होता. दुपारी वळवाचा पाऊस आला, काम थांबले, वाटेतले डंपर ताडपत्र्या टाकून उभे राहिले. पाऊस ओसरल्यावर तोच माल पसरला गेला. रोलर नेहमीइतक्याच फेऱ्या मारत होता, पण माल दबत नव्हता. सातशे मीटरचा तो तुकडा वरून काळाभोर, छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही कोअर काढले, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडून थराचा दंडगोल बाहेर काढला. एक कोअर हातातच फुटला. बाकीच्यांची घनता कमी भरली.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “मग काय, उखडायला सांगता का? चार दिवसांनी उद्‌घाटन आहे.” ठेकेदार तिथेच होता. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “साहेब, माल गार झाला होता हे मला कळतंय. थोडं काही कापून घ्या, पण सगळं काढायला लावू नका. मी उठणार नाही यातून.”

आता, कमी दर्जाच्या कामाला कमी दराने पैसे देण्याची तरतूद आपल्या बी-१ नमुन्याच्या निविदेत आहे. पण दर किती कमी करायचा हे तिथे लिहिलेले नाही. अभियंत्याला जो वाजवी वाटेल तो, असे आहे. साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. “किती कापणार? दहा टक्के कापले तर ऑडिटवाले विचारतील वीस का नाही. वीस कापले तर ठेकेदार कोर्टात जाईल. आणि काहीही कापलं तरी गाव म्हणेल, यांचं आत काहीतरी ठरलं.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. तुकडा पास झाला. पूर्ण दराचे बिल निघाले. त्यावर माझी सही आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात तो तुकडा खड्ड्यांनी भरला. त्यातल्याच एका खड्ड्यात एक शिक्षक मोटरसायकलवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. गावात ठेकेदाराला आणि आम्हाला शिव्या बसल्या. त्या खाल्ल्या. पण ‘किती कापणार?’ हा प्रश्न पुढची अनेक वर्षे डोक्यातून गेला नाही. जगात या प्रश्नाचे उत्तर लोकांनी शोधले आहे. ते काय आहे, हेच आज सांगायचे आहे.

लाडू गरम असतानाच वळायचा

आधी त्या कोअरमध्ये आम्ही काय पाहतो ते सांगतो. पाकातले लाडू करणाऱ्या कोणालाही हे चटकन कळेल. मिश्रण गरम असते तोवर लाडू घट्ट वळतो. गार झाले की कितीही दाबा, तो भुगाच राहतो. खडी आणि डांबराचे मिश्रण असेच आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या डांबरासाठी ते साधारण १४० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून गरम असताना पसरायचे असते आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरने दाबून संपवायचे असते. पातळ थर, वारा, पाऊस आणि लांबचा प्लांट या चार गोष्टी ही मुदत झपाट्याने खातात.

नीट दाबले गेले नाही तर थरात हवेच्या पोकळ्या उरतात. अजिबात पोकळी नसलेल्या मिश्रणाची घनता १०० धरली, तर ९३ टक्के घनता म्हणजे ७ टक्के पोकळी. पोकळी अगदी शून्यावर आणूनही चालत नाही. उन्हात फुगणाऱ्या डांबराला जागा लागते, नाहीतर ते वर येते आणि चाकोऱ्या पडतात. पण पोकळ्या साधारण ८ टक्क्यांच्या पुढे गेल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला आत वाट मिळते. पाणी आत गेले की ते खडीवरचे डांबर सोडवते. वरून चाक गेले की तेच पाणी दाबाने आत-बाहेर करते. खड्ड्याचा जन्म असा होतो. आपल्या केंद्रीय रस्ते विनिर्देशांच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही घनता किमान ९२ टक्के मागितली आहे, ती याच कारणाने.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये एक ढोबळ नियम मांडला, तो आजही वापरला जातो. पोकळ्या ७ टक्क्यांच्या वर गेल्या की पुढच्या प्रत्येक एका टक्क्यामागे थराचे आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा वर्षे टिकायचा थर ९ टक्के पोकळीने तयार झाला, तर तो सुमारे आठ वर्षे टिकणार. आपण पैसे दहा वर्षांचे दिले, रस्ता आठ वर्षांचा मिळाला. डोळ्यांना दोन्ही रस्ते सारखेच काळे दिसतात. तफावत फक्त कोअर सांगतो.

सरासरी फसवते कशी

‘पास-नापास’ पद्धत चुकीची आहे, हे अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगातून ध्यानात आले. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांवर लष्करी चालकांनी रात्रंदिवस ट्रक चालवले. भारलेले आस अकरा लाखांहून जास्त वेळा त्या रस्त्यांवरून गेले. पण गंमत त्याआधीच झाली होती. हे रस्ते अतिशय काळजीने, सतत देखरेखीखाली बांधले होते. तरीही चाचण्यांचे बरेचसे आकडे विनिर्देशांच्या मर्यादेबाहेर पडले. तेव्हा अभियंत्यांनी मान्य केले की रस्त्याचे काम कारखान्यात होत नाही, त्यात चढउतार असणारच. ‘एकही नमुना मर्यादेबाहेर नको’ असा नियम केला, तर तो कागदावरच पाळला जाईल. मग चढउतार मान्य करून, तो मोजून, त्यावर पैसे ठरवण्याची पद्धत हळूहळू रुजली. आज तिथली अनेक राज्ये ती वापरतात.

या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या नियमांत सापडते. विमानतळाच्या डांबरी धावपट्टीसाठी त्यांचा ‘पी-४०१’ नावाचा विनिर्देश आहे. एका वेळी टाकलेल्या मालाचा एक गट धरतात आणि त्याचे चार भाग करतात. प्रत्येक भागातून एक कोअर काढतात. जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने ठरते, कोणाच्या बोटाने ठरत नाही. चारही घनता पाहतात, पण निव्वळ सरासरी काढून थांबत नाहीत.

का थांबत नाहीत, ते आकड्यांनी पाहू. समजा, किमान घनता ९२.८ हवी आहे. पहिल्या ठेकेदाराचे चार कोअर निघाले: ९३.६, ९३.९, ९३.४ आणि ९३.७. दुसऱ्याचे निघाले: ९६.०, ९१.२, ९५.८ आणि ९१.६. दोघांचीही सरासरी बरोबर ९३.६५ येते. सरासरीवर दोघेही पास. पण दुसऱ्याच्या रस्त्यात निम्मे नमुने कच्चे आहेत, आणि खड्डा काही सरासरीला पडत नाही. जिथे कच्चे तिथे तो पडतो.

म्हणून चार आकड्यांमधला चढउतार पाहून संख्याशास्त्राच्या तक्त्यावरून अंदाज काढतात की त्या गटातला किती टक्के माल मर्यादेच्या आत असावा. पहिल्या ठेकेदाराचे उत्तर येते १०० टक्के. दुसऱ्याचे येते जेमतेम ६१ टक्के. या टक्केवारीवर पैसे ठरतात. ९० टक्के माल मर्यादेत असेल तर पूर्ण दर. ९६ किंवा अधिक असेल तर दराच्या १०६ टक्के, म्हणजे वर बक्षीस. ७५ टक्के असेल तर साडेब्याण्णव टक्के दर. ५५ असेल तर ६५ टक्के दर. त्याखाली गेले तर माल काढून टाकायचा, आणि दोघांच्या लेखी संमतीने राहू दिलाच तर निम्मा दर. या हिशेबाने आपल्या पहिल्या ठेकेदाराला १०६ टक्के मिळतील, दुसऱ्याला सुमारे ७३. बक्षिसाच्या नावाखाली खर्च भलता वाढू नये, म्हणून सबंध कामाच्या रकमेला करारातच कमाल मर्यादा घातलेली असते.

साहेबांच्या ‘किती कापणार?’ या प्रश्नाचे उत्तर असे तक्त्यात आहे. निविदा भरण्याआधीच ते ठेकेदाराला ठाऊक असते. ऑडिटला ते तपासता येते. अभियंत्याला कोणावर मेहरबानी करावी लागत नाही आणि कोणाचे वैरही घ्यावे लागत नाही. तो कोअर काढतो, आकडा लिहितो, बाकी गणित करते. सातशे मीटर उखडण्याचा दबाव नसला की ‘पास’ लिहिण्याचाही दबाव राहत नाही. अधिकार आमच्याकडे तेव्हाही होता. सूत्र नव्हते.

हमीच्या मुदतीचे काय?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हमीची मुदत असते की. असते. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. १९७६ मध्ये मुंबईच्या एका कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला, आणि हमी संपून कैक वर्षे उलटली तरी त्याची कीर्ती टिकून राहिली. पण त्या कंपनीला पालिकेचे तसे दुसरे काम मिळाले नाही, असे सांगितले जाते. आपण ही गोष्ट चांगल्या रस्त्याची म्हणून सांगतो. मला ती चांगल्या कामाचे बक्षीस न मिळाल्याची गोष्टही वाटते.

हमी उपयोगी आहेच. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामाच्या ठेक्यातच पाच वर्षांची देखभाल आली. पुढे ‘ई-मार्ग’ या संगणकीय व्यवस्थेत त्या देखभालीचे पैसे पाहणीतल्या गुणांशी जोडले गेले. महामार्गांसाठी केंद्राने २०१६ मध्ये मंजूर केलेल्या हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीत ४० टक्के रक्कम बांधकाम होत असताना आणि ६० टक्के नंतर वर्षानुवर्षे हप्त्यांनी मिळते. पैसे पुढे अडकलेले असले की माणूस काम जपून करतो, हे तत्त्व त्यामागे आहे.

पण तुमच्या-आमच्या गावच्या रस्त्याचे काय होते? बिल पूर्ण निघालेले असते, सुरक्षा ठेव तेवढी अडकलेली. खड्डे पडले की पत्र जाते. उत्तर येते: उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता गेला, केबलवाल्यांनी खणला, गटार नाही म्हणून पाणी साचले. यात खोटेच असते असे नाही. दोन वर्षांनंतर कोणते कारण किती, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. शेवटी पावसाळ्याआधी ठिगळे मारून मुदत संपते. बिलातली कपात त्याच महिन्यात बोलते, आणि ठेकेदाराच्या हातात असलेल्या गोष्टीवरच बोलते. म्हणून हमी हवी आणि तिच्या जोडीला ही कपातही हवी.

ही कल्पना आपल्याला परकीही नाही. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याची जाडी कमी भरली तर पायरीपायरीने दर कमी करण्याचा आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तो भाग काढून टाकण्याचा नियम आपल्या केंद्रीय विनिर्देशांत आहे. जाडीला जे लावतो, ते डांबरी थराच्या घनतेला लावायचे एवढेच.

शंका आणि अडचणी

लोक पहिली शंका काढतात ती अशी की, याने वाईट कामालाही भाव मिळेल. ठेकेदार म्हणेल, घ्या कापून, मी असेच करतो. म्हणून कपात नेहमी त्याने वाचवलेल्या खर्चापेक्षा मोठी ठेवावी लागते. रोलरच्या चार फेऱ्या कमी मारून डिझेल कितीसे वाचते? त्यापायी सबंध थराच्या दरात चौथा हिस्सा जाणार असेल, तर कोणीही फेऱ्या मारील. शिवाय तळाची रेषा राहतेच. तिच्याखाली माल उखडायचाच.

दुसरी शंका अधिक खरी आहे. आकडेच खोटे लिहिले तर? मी प्रयोगशाळांचे कागद पाहिले आहेत. पंचवीस नमुन्यांचे पंचवीस आकडे एकाच सुरात असले की कोअर निघालेलेच नाहीत, हे जाणत्याला कळते. यावर उपाय आहेत. कोअरची जागा त्याच सकाळी यदृच्छेने काढायची. नमुना सर्वांसमोर सीलबंद करायचा. काही नमुने दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवून आकडे ताडून पाहायचे. अमेरिकेच्या संघीय नियमांतही ठेकेदाराच्या चाचण्या धरायच्या असतील तर स्वतंत्र नमुन्यांनी त्यांची पडताळणी सक्तीची आहे. कोअरचे भोक रस्त्यावर राहते. ते नीट बुजवावे लागते, पण त्याची खूण कोणालाही पाहता येते.

तिसरी अडचण आमची, म्हणजे सरकारची आहे. ठेकेदारांची बिले महिनोन्‌महिने थकतात ही तक्रार जुनी आहे, आणि ती खोटी नाही. ज्याला दीड वर्षाने पैसे मिळणार, त्याला पाच टक्के कपातीची भीती वाटत नाही आणि सहा टक्के बक्षिसाचा मोहही पडत नाही. तो आधीच उसनवारीवर जगत असतो, आणि ती वसुली मालातूनच करतो. दर्जाप्रमाणे दाम द्यायचे असेल तर दाम वेळेवर द्यावे लागेल. अंदाजपत्रकाच्या पंचवीस-तीस टक्के खाली भरलेली निविदा डोळे मिटून स्वीकारायची आणि वर दर्जा मागायचा, हेही जमणारे नाही.

आणि घनता म्हणजे सगळा रस्ता नव्हे. गटार काढलेच नाही, साइडपट्टी खचली, नवा रस्ता नळासाठी उभा चिरला, तर कोणतेही सूत्र त्याला वाचवणार नाही. त्याचा दोष ठेकेदाराच्या बिलावर टाकणेही अन्यायाचे होईल.

सुरुवात लहान असावी. एका जिल्ह्यात, ठरावीक रकमेच्या वरच्या डांबरी कामांना एक वर्ष हे लावून पाहावे. एका दिवसाच्या कामाला चार कोअर आणि निविदेला जोडलेला एक पानी तक्ता, एवढ्यावर काम सुरू होते. छोट्या ठेकेदारालाही तो समजेल. उलट नेटके काम करून आजवर तोट्यात राहिलेल्या ठेकेदाराला तो हवाच असेल.

तुम्हाला मात्र त्यासाठी थांबायचे कारण नाही. गावातल्या नव्या रस्त्याविषयी आपण माहितीच्या अधिकारात खर्च किती झाला ते विचारतो. यापुढे आणखी तीन गोष्टी विचारा. कोअर कोठून काढले? प्रत्येकाची घनता किती आली? आणि बिल किती टक्के दराने दिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली आणि तिसऱ्याचे उत्तर प्रत्येक वेळी ‘शंभर’ असेच आले, तर रकाना अजून कोराच आहे असे समजा.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या नावावरची मोजमाप पुस्तके मोजून परत केली. त्यांतल्या एकात तो सातशे मीटरचा तुकडा आहे. लांबी बरोबर आहे, रुंदी बरोबर आहे, जाडीसुद्धा बरोबर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)